ऐकलेल्याचे कलम



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते पेशाने शिक्षक होते आणि मधली काही वर्षे नगरपालिकेचे सदस्य होते. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जण त्यांचे विद्यार्थी आहेत, तेव्हा त्यांच्याविषयी मी तुम्हाला नवीन काय सांगणार? संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी एवढेच ठरवले, की वर्ग आणि सभागृह या दोन्ही ठिकाणी उमेदवारी केलेल्या कुणाविषयी तरी बोलायचे. माझा स्वतःचा विषय मानसशास्त्र, त्यामुळे निवड सोपी झाली. आज मी ज्युडी च्यू यांच्या कारकिर्दीविषयी बोलणार आहे. मानसशास्त्राच्या या प्राध्यापिका कॅलिफोर्नियात आधी शाळा मंडळावर निवडून आल्या, मग नगर परिषदेवर, मग राज्याच्या विधानसभेत. २००९ पासून त्या अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये आहेत.

मानसशास्त्रज्ञ राजकारणात गेला म्हटले की आपल्या मनात दोन गोष्टी येतात. एक तर हा मतदारांच्या मनात काय चालले आहे ते ओळखून त्यांना अलगद खिशात टाकणार. आणि दुसरी, हा मनोरुग्णांसाठी कायदे करणार. च्यू यांच्या बाबतीत दोन्ही अंदाज चुकतात. विधानसभेत पोचण्याआधी त्या दोनदा हरल्या. आणि मानसिक आरोग्याचे जे कायदे त्यांच्या राज्यात गाजले ते दुसऱ्यांनी केले. तरीही त्यांच्या कामात त्यांचा विषय मला ठिकठिकाणी दिसतो. तो कुठे दिसतो आणि त्याचे बळ कुठे संपते, हे आज मांडायचे आहे.

सुरुवात घरापासून करू. च्यू यांचा जन्म ७ जुलै १९५३ चा, लॉस एंजेलिसचा. वडील कॅलिफोर्नियातलेच चिनी अमेरिकन, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बाजूने लढलेले. आई चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातून लग्न होऊन आलेली. आजोबांची पिढी मात्र वेगळ्याच अमेरिकेत राहिली होती. १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी घालणारा कायदा केला, आणि जे आधीच आलेले होते त्यांना नागरिकत्व नाकारले. पुढे त्यांच्यावर रहिवासाचा दाखला सतत जवळ बाळगण्याची सक्ती आली. च्यू यांच्या आजोबांनी तो दाखला जवळपास चाळीस वर्षे खिशात वागवला. तो नसता तर त्यांना देशाबाहेर काढता आले असते. बंदी उठली ती थेट १९४३ मध्ये, आणि तीही वर्षाला १०५ माणसांच्या कोट्यापुरती.

१९७४ मध्ये च्यू लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातून पदवीधर झाल्या, त्या गणित घेऊन. मानसशास्त्राकडे त्या नंतर वळल्या, आणि १९७९ मध्ये कॅलिफोर्निया स्कूल ऑफ प्रोफेशनल सायकॉलॉजी या संस्थेतून त्यांनी क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएच.डी. केली. पुढची वीस वर्षे त्यांनी कम्युनिटी कॉलेजांत मानसशास्त्र शिकवले, आधी लॉस एंजेलिस सिटी कॉलेजात आणि मग ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजात. ही कॉलेजे म्हणजे नामांकित विद्यापीठे नव्हेत. दोन वर्षांचे शिक्षण, फी कमी, दार सर्वांना उघडे. दिवसा काम करून संध्याकाळी तासाला बसणारे, मुले मोठी झाल्यावर पुन्हा पुस्तक हातात घेणाऱ्या आया, नुकतेच परदेशातून आलेले लोक, असा तिथला वर्ग असतो.

गणित आणि क्लिनिकल सायकॉलॉजी या जोडीवर मी थोडा थांबतो. क्लिनिकल सायकॉलॉजीत आम्हाला पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की समोरचा जी तक्रार सांगतो ती ऐकून घ्यायची, पण तीच दुखण्याचे मूळ आहे असे लगेच धरून चालायचे नाही. घाईने निदान करायचे नाही. हे सगळे एका खोलीत, एका माणसापुरते चालते. गणितात माणसाचा चेहरा लागत नाही, किती आहेत एवढे लागते. विधिमंडळात बसणाऱ्याला दोन्हीची गरज पडते. एका माणसाचे दुःख नीट ऐकता आले नाही तर कायदा कशासाठी करायचा तेच कळत नाही. आणि मते मोजता आली नाहीत तर तो कायदा होत नाही. कॅलिफोर्नियाच्या विधानसभेत ८० सदस्य असतात. तिथे कितीही कळवळ्याचे भाषण केले तरी ४१ हात वर आल्याशिवाय साधे विधेयकही पुढे सरकत नाही.

आता गावाकडे येतो. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, सॅन गॅब्रिएल खोऱ्यात मॉन्टेरे पार्क नावाचे उपनगर आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस फ्रेडरिक शे नावाच्या एका जमीन-घरांच्या दलालाने हाँगकाँग आणि तैवानमध्ये या गावाची जाहिरात ‘चिन्यांचे बेव्हर्ली हिल्स’ अशी केली. लोक आले, पैसा आला, आणि दहा-बारा वर्षांत गावाचा चेहरामोहरा बदलला. साध्या बैठ्या घरांच्या जागी फ्लॅट उठले, रस्त्याकडेला छोटी व्यापारी संकुले आली, वाहतूक तुंबू लागली, दुकानांवर चिनी पाट्या झळकल्या. १९९० च्या जनगणनेत साठ हजारांच्या आसपास वस्तीच्या या गावात निम्म्याहून अधिक लोक आशियाई वंशाचे होते. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर असे हे पहिले शहर.

जुन्या रहिवाशांची चिडचिड १९८६ मध्ये मतपेटीतून बाहेर पडली. नगर परिषदेतले एक चिनी आणि दोन लॅटिनो सदस्य एकाच निवडणुकीत पडले. पडलेल्या चिनी सदस्य लिली ली चेन या नुकत्याच गावच्या महापौर होऊन गेल्या होत्या. नव्या परिषदेने इंग्रजी हीच अधिकृत भाषा असावी असा ठराव केला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात राज्यभरात प्रस्ताव क्रमांक ६३ मतदानाला आला. इंग्रजीला कॅलिफोर्नियाची अधिकृत भाषा करणारा हा प्रस्ताव सुमारे ७३ टक्के मतांनी मंजूर झाला. म्हणजे मॉन्टेरे पार्कमध्ये जे चालले होते ते एका गावापुरते खूळ नव्हते, राज्याचा कल तिकडेच होता.

ज्युडी च्यू त्या वेळी गार्वे शाळा मंडळावर होत्या. १९८५ मध्ये त्या तिथे निवडून आल्या होत्या. त्यांचे पती माइक एंग वकील. या दोघांनी आणि चिनी, जपानी, लॅटिनो, गोऱ्या शेजाऱ्यांनी मिळून सलोख्यासाठी एक आघाडी उभी केली, सह्या गोळा केल्या, आणि काही महिन्यांतच परिषदेला तो ठराव मागे घ्यावा लागला. पण मला जास्त महत्त्वाचे वाटते ते यानंतरचे. १९८८ मध्ये च्यू नगर परिषदेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी ‘तुम्ही सगळे वंशद्वेष्टे आहात’ असा प्रचार केला नाही. वाहतूक, बेसुमार बांधकाम, हरवलेली जुनी बाजारपेठ या तक्रारी खऱ्या आहेत, हे त्यांनी मान्य केले आणि नियोजनबद्ध वाढीची बाजू घेतली. मात्र या तक्रारींचा राग शेजाऱ्याच्या भाषेवर काढायचा नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगितले. एकाच आवाजात मिसळलेल्या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. ज्या गावाने दोन वर्षांपूर्वी चिनी उमेदवार पाडला होता, त्या गावाने त्यांना निवडून दिले. तक्रार आणि तिचे मूळ वेगळे करायचे शिक्षण कामी आले ते असे. परिषदेवर त्या २००१ पर्यंत राहिल्या. तिथे महापौरपद सदस्यांमध्ये आळीपाळीने फिरते, ते त्यांच्याकडे तीनदा आले. कॉलेजातले तास या सगळ्या काळात चालूच होते.

विधानसभेचा रस्ता मात्र सरळ नव्हता. १९९४ मध्ये त्या ४९ व्या मतदारसंघातून डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागायला उतरल्या आणि हरल्या. हा मतदारसंघ त्या पक्षाचा बालेकिल्ला, त्यामुळे पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक जिंकणारा जवळजवळ आमदार झाल्यातच जमा. १९९८ मध्ये त्या पुन्हा उतरल्या आणि पुन्हा हरल्या. या वेळी त्यांना हरवणाऱ्या ग्लोरिया रोमेरो याही मानसशास्त्रज्ञच. रोमेरो यांनी रिव्हरसाइडच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून मानसशास्त्रात पीएच.डी. केलेली, आणि लॉस एंजेलिसच्या राज्य विद्यापीठात त्या शिकवत होत्या. एका जागेसाठी मानसशास्त्राच्या दोन प्राध्यापिका समोरासमोर! मतदारांचे मन ओळखण्याचे काही शास्त्र असते तर दोघीही निवडून यायला हव्या होत्या. निकाल लागला तो लॅटिनो आणि आशियाई वस्तीच्या प्रमाणावर, संघटनेवर आणि घरोघरी फिरणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बळावर. रोमेरो २००१ मध्ये राज्याच्या सिनेटमध्ये गेल्या आणि पुढे तिथे बहुमतवाल्या पक्षाच्या नेत्या झाल्या. त्यांची विधानसभेतली जागा रिकामी झाली आणि मे २००१ च्या पोटनिवडणुकीत च्यू अखेर राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला पोचल्या.

वेळ कठीण होती. डॉटकॉम कंपन्यांचा फुगा फुटला होता, विजेचे संकट चालूच होते, राज्याचा अर्थसंकल्प तुटीत होता. २००३ मध्ये मतदारांनी राज्यपाल ग्रे डेव्हिस यांना मुदत संपण्याआधी परत बोलावले आणि अर्नोल्ड श्वार्झनेगर यांना निवडून दिले. त्यात मुदतीची मर्यादा होती. १९९० च्या एका जनमत प्रस्तावामुळे विधानसभेच्या सदस्याला दोन-दोन वर्षांच्या तीन कार्यकाळांपलीकडे बसता येत नव्हते. काम शिकेपर्यंत निघायची वेळ होते, ही तिथली नेहमीची तक्रार. च्यू २००६ अखेर बाहेर पडल्या. पाच-साडेपाच वर्षे मिळाली, तेवढ्याचा हिशेब आपल्याला करायचा आहे.

या काळात त्या विधानसभेच्या अ‍ॅप्रोप्रिएशन्स समितीच्या अध्यक्ष झाल्या. राज्याच्या तिजोरीवर ज्या विधेयकाचा बोजा पडतो त्या प्रत्येक विधेयकाला या समितीतून जावे लागते. ठरावीक रकमेपेक्षा जास्त खर्चाची विधेयके तिथे ‘सस्पेन्स फाइल’ नावाच्या यादीत टाकतात. मग एके दिवशी सगळी यादी एकदम काढतात आणि शेकडो विधेयकांचे भवितव्य काही तासांत वाचून दाखवतात. साक्षी नाहीत, चर्चा नाही, हे पुढे गेले, ते अडले, बस्स. ज्या बाईंनी माणसाचे बोलणे पूर्ण होईपर्यंत थांबायचे शिक्षण घेतले, त्या अशा खुर्चीत बसल्या जिथे कुणाला बोलायलाच मिळत नाही. मला यात विसंगती दिसते, पण ती त्यांच्यातली नाही. ऐकायची जागा आणि मोजायची जागा विधिमंडळाने वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. ऐकण्यासाठी लोकांत जायचे आणि मोजण्यासाठी समितीत. दुसऱ्या ठिकाणी बसताना पहिल्या ठिकाणचे विसरायला होते, खरा धोका तो आहे.

त्या विसरल्या नाहीत, याचा पुरावा म्हणून मी त्यांचे उन्हाचे काम सांगतो. जुलै २००४. सॅन होआकिन खोऱ्यातल्या द्राक्षमळ्यात तापमान १०५ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्या मापाने साडेचाळीसच्या आसपास. असुन्सिओन वाल्दिव्हिया हा ५३ वर्षांचा मजूर दहा तास द्राक्षे तोडून कोसळला. रुग्णवाहिका बोलावण्याऐवजी त्याच मळ्यात राबणाऱ्या मुलाला सांगण्यात आले, की बापाला घरी घेऊन जा. घरी पोचण्याआधी तो गेला. शेतमजुरांची संघटना हे प्रकरण घेऊन च्यू यांच्याकडे आली.

इथे एक वाट अशी होती, की मुकादम निर्दयी होता म्हणायचे, त्याला शिक्षा मागायची आणि थांबायचे. दुसरी वाट, मजुराला दोष देण्याची: पाणी का प्यायला नाही, सावलीत का गेला नाही. मानसशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल, की माणूस कसा वागतो हे त्याच्या स्वभावाइतकेच तो कुठल्या परिस्थितीत आहे यावर ठरते. पेट्यांच्या हिशेबाने मजुरी मिळत असेल तर पाण्यासाठी घालवलेली दहा मिनिटे म्हणजे बुडालेले पैसे. मुकादमाच्या नजरेसमोर एकट्याने सावलीत जाऊन बसणारा कामचुकार ठरतो. तहान लागली तरी माणूस वाकूनच राहतो तो यामुळे. तेव्हा बदलायची ती परिस्थिती, आणि ती बदलायला कलम लागते.

च्यू यांनी २००५ मध्ये यासाठी विधेयक आणले. ते सभागृहात असतानाच त्या वर्षीच्या जुलैत उन्हाने आणखी मजूर गेले, आणि ऑगस्ट २००५ मध्ये राज्यपालांना तातडीचे नियम जाहीर करावे लागले. वर्षभरात ते कायम झाले. उघड्यावर राबणाऱ्यांसाठी उन्हापासून संरक्षणाचे नियम करणारे कॅलिफोर्निया हे अमेरिकेतले पहिले राज्य. नियम वाचायला अगदी रूक्ष आहेत. प्रत्येक मजुराला तासाला एक क्वार्ट, म्हणजे साधारण एक लिटर पिण्याचे पाणी. त्रास होऊ लागला तर सावलीत निदान पाच मिनिटे विसावा. मजुरांना आणि मुकादमांना उष्माघाताची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण. कुणी कोसळले तर काय करायचे याची आधीच ठरलेली पद्धत. या शेवटच्या कलमात वाल्दिव्हियाचा मृत्यू सरळ दिसतो, कुणाचेही नाव न घेता.

नियम झाला म्हणून माणसे वाचली असे मात्र लगेच घडले नाही. २००८ मध्ये सतरा वर्षांची एक गर्भवती मुलगी द्राक्षमळ्यात राबताना गेली. तपासनीस अपुरे होते, मळे अफाट होते. ‘सावली उपलब्ध असावी’ एवढे मोघम लिहिले की ट्रकची सावलीही चालते असा अर्थ काढला जातो. संघटना कोर्टात गेल्या. २०१० आणि २०१५ मध्ये नियम कडक करावे लागले. आता ८० अंश फॅरनहाइटच्या वर, म्हणजे आपल्या २७ अंशांच्या आसपास पारा गेला की सावली प्रत्यक्ष उभी हवी. ९५ च्या वर, म्हणजे ३५ अंशांना, शेतीकामात दर दोन तासांनी दहा मिनिटांची सक्तीची विश्रांती. ‘सक्तीची’ हे मला यातले सर्वांत मानसशास्त्रीय कलम वाटते. सगळ्यांनीच थांबायचे असते तेव्हा थांबणारा कामचुकार ठरत नाही.

दुसरे उदाहरण पैशाचे. राज्य तुटीत, आणि कर वाढवायला दोनतृतीयांश मते हवीत, ती मिळणे अशक्य. च्यू यांनी करबुडव्यांसाठी अभययोजनेचा पाठपुरावा केला. २००५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ती राबवली गेली. रचना पाहा: दोन महिन्यांत येऊन थकबाकी भरली तर दंड माफ, नंतर सापडलात तर साचलेल्या व्याजाच्या निम्म्याइतका जादा दंड. आमिष आणि धाक, दोन्हीला तारीख बांधलेली. अंदाज खूपच कमी होता, जमा झाले सुमारे ४.८ अब्ज डॉलर. आकडा गाजला, आजही त्यांच्या परिचयात तो असतो. पण त्यातला मोठा भाग मोठ्या कंपन्यांनी निव्वळ सावधगिरी म्हणून भरलेला होता. आपण काही देणे लागतो असे त्या मानत नव्हत्या, पण पुढे निकाल विरुद्ध गेला तर जबर दंड बसेल या भीतीने त्यांनी पैसे आधीच ठेवले, आणि नंतर त्यांतले परत मागितले. धाकाने माणूस पैसे भरतो हे खरे ठरले, त्याचे मत मात्र बदलत नाही. हा आकडा सांगताना त्याचा हा दुसरा भाग सांगितला पाहिजे. २००७ पासून दोन वर्षे च्यू राज्याच्या निवडून आलेल्या करमंडळावर, बोर्ड ऑफ इक्वलायझेशनवर होत्या. पदवी गणिताची होती हे त्या काळात कुणाला आठवले असेल तर नवल नाही.

आता मघाचा मुद्दा. मानसिक आरोग्याचे कायदे? कॅलिफोर्नियात गंभीर मानसिक आजारांना विम्यात शारीरिक आजारांच्या बरोबरीचे स्थान देणारा १९९९ चा कायदा आणला तो हेलन थॉम्सन यांनी. त्या परिचारिका होत्या. श्रीमंतांच्या दहा लाख डॉलरांवरच्या उत्पन्नावर एक टक्का कर लावून तो पैसा मानसोपचार सेवांना देणारा २००४ चा प्रस्ताव डॅरेल स्टाइनबर्ग यांचा. ते वकील. योगायोग असा, की या प्रस्तावाचाही क्रमांक ६३ च होता. मॉन्टेरे पार्कमध्ये ज्या क्रमांकाने माणसे दुखावली होती, त्याच क्रमांकाने अठरा वर्षांनी मनाच्या उपचारांना पैसा दिला. याचा अर्थ मी असा घेतो, की एखाद्या विषयाचा कायदा करायला त्या विषयाची पदवी लागत नाही. आणि पदवी असलेल्याने आपल्याच विषयाला चिकटून राहिले पाहिजे असेही नाही. च्यू यांच्या आधी, १९६६ मध्ये विधानसभेत निवडून आलेल्या मार्च फाँग यू या चिनी अमेरिकन बाईंना लोक आठवतात ते सार्वजनिक शौचालयांवरची पैसे टाकून उघडायची कुलुपे त्यांनी काढायला लावली म्हणून. नाणे पुरुषांना मुतारीत लागत नव्हते, बायकांना लागत होते. एवढी साधी गोष्ट सभागृहाला दिसायला तिथे एक बाई असावी लागली.

जुलै २००९ मध्ये पोटनिवडणूक जिंकून च्यू काँग्रेसमध्ये गेल्या, तिथे पोचलेल्या पहिल्या चिनी अमेरिकन महिला म्हणून. त्या कारकिर्दीचा आढावा मी थोडक्यात घेतो, कारण माझा विषय राज्याचे विधिमंडळ हा आहे. १८ जून २०१२ रोजी प्रतिनिधीगृहाने चिनी बंदीच्या कायद्यांबद्दल खेद व्यक्त करणारा त्यांचा ठराव आवाजी मताने मंजूर केला. खिशात दाखला घेऊन फिरणाऱ्या आजोबांचा उल्लेख त्यांनी सभागृहात केला. २०११ मध्ये त्यांच्या कुटुंबातला एकवीस वर्षांचा तरुण मरीन सैनिक अफगाणिस्तानात सहकाऱ्यांनी छळल्यानंतर आत्महत्येने गेला. लष्करी न्यायालयात तिघांवर खटले झाले, शिक्षा एकालाच झाली. घरातले दुःख एवढे मोठे असताना त्यांनी लावून धरलेली मागणी बघा: सैन्यातल्या अशा छळाच्या प्रत्येक प्रकाराची नोंद ठेवा आणि आकडे काँग्रेसपुढे मांडा. मोजले नाही तर नाकारता येते, हे त्यांना ठाऊक होते.

अपयशही मोठे आहे. वाल्दिव्हियाच्या नावाने देशव्यापी उष्मा-संरक्षणाचे विधेयक त्यांनी २०१९ मध्ये आणले आणि पुढेही आणत राहिल्या. अजून कायदा झालेला नाही. वृद्धांच्या मेडिकेअर योजनेत मानसशास्त्रज्ञांना डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय उपचार करू द्यावेत, हे त्यांचे विधेयकही वर्षानुवर्षे अडकलेले आहे. स्वतःच्या पेशासाठी मागितलेली गोष्ट स्वतःच्या पेशाच्या खासदाराला मिळवता येऊ नये, यावरून कळते की सभागृहात बाजू किती बरोबर आहे याला दुय्यम महत्त्व असते. आणि जानेवारी २०२३ मध्ये, चांद्र नववर्षाच्या आदल्या रात्री, त्यांच्या मॉन्टेरे पार्कमध्येच एका नृत्यशाळेत ७२ वर्षांच्या आशियाई माणसाने गोळीबार करून ११ जणांचा जीव घेतला. ज्या गावाच्या सलोख्यासाठी त्यांनी आयुष्य घातले तिथे दुखणे दुसऱ्या समाजाकडून आले नव्हते. काँग्रेसमध्ये बंदुकांचे कायदे तरीही फारसे हलले नाहीत.

तुम्ही विचाराल, मग मानसशास्त्रज्ञ विधिमंडळात असल्याने राजकारण सुधारते का? सुधारतेच असे नाही. पेन्सिल्व्हेनियाचे टिम मर्फी हेही मानसशास्त्रज्ञ. राज्याच्या सिनेटमधून ते काँग्रेसमध्ये गेले. गंभीर मानसिक आजारांच्या सरकारी व्यवस्थेची फेररचना करणारे त्यांचे काम २०१६ च्या एका मोठ्या आरोग्य कायद्यात समाविष्ट झाले, आणि त्यातून केंद्र सरकारात मानसिक आरोग्यासाठी स्वतंत्र सहायक सचिवपद निर्माण झाले. च्यू यांना जमले नाही ते त्यांना जमले. पण पुढच्याच वर्षी, जाहीर भूमिका आणि खासगी वर्तन यांतली विसंगती उघड झाल्यावर त्यांना राजीनामा द्यावा लागला. दुसऱ्याचे मन जाणणारा स्वतःच्या मनाचा मालक असतोच असे नाही. विज्ञानातून राजकारणात गेलेली आपल्या ओळखीची माणसेही आहेत. बेळगावात वाढलेले रसायनशास्त्रज्ञ श्री ठाणेदार, ज्यांचे ‘ही श्रीची इच्छा’ हे मराठी आत्मकथन आपल्याकडे पुष्कळांनी वाचले, ते मिशिगनच्या विधानसभेतून काँग्रेसमध्ये पोचले. प्रत्येकाचे मूल्यमापन तो काय शिकला यावरून न करता त्याने कोणते कलम मागे ठेवले यावरून करावे.

ज्युडी च्यू यांच्याबाबत माझा निर्णय असा: त्यांचे सर्वांत मोठे काम काँग्रेसमधले नाही, ठरावांचे नाही, अब्जावधी डॉलरांचे तर नाहीच. ते पाणी, सावली आणि दहा मिनिटे हे आहे. मानसशास्त्र हा शब्द त्यात कुठेही येत नाही, आणि तरीही माणूस परिस्थितीमुळे कसा वागतो हे कळलेल्या व्यक्तीलाच ते सुचले असते.

शेवटी आपल्याकडचे थोडेसे. ज्या ऑगस्ट २००५ मध्ये कॅलिफोर्नियात उन्हाचे तातडीचे नियम झाले, त्याच महिन्यात आपल्या संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा मंजूर केला. त्याची मूळ कल्पना महाराष्ट्राची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या योजनेवर आपण १९७७ मध्येच कायदा केला होता. २००५ च्या त्या कायद्याच्या परिशिष्टातही लिहिले होते, की कामाच्या जागी पिण्याचे पाणी, मुलांसाठी सावली, विश्रांतीची वेळ आणि प्रथमोपचाराची पेटी हवी. म्हणजे कलम लिहायला आपण मागे नव्हतो. तिकडे कलम मोघम निघाले तेव्हा लोक कोर्टात गेले आणि अंश, मिनिटे, लिटर लिहून घेतले. आपल्याकडे ते मोघमच राहिले, आणि खासगी शेतावर एप्रिलमध्ये कांदा काढणाऱ्या बाईसाठी तर तेवढेही नाही.

इथे शिक्षक बसले आहेत, समुपदेशक आहेत, आशा कार्यकर्त्या आहेत. लोकांचे ऐकण्याचे काम तुम्ही रोज करता. माझे एवढेच मागणे आहे, की ऐकलेले तिथेच ठेवू नका. पुढच्या उन्हाळ्यात आपल्या तालुक्यातल्या एका तरी कामावर भर दुपारी जा. पाणी किती अंतरावर आहे, सावली किती जणांना पुरते, विश्रांती किती मिनिटांची मिळते, हे तारीख-वेळेनिशी लिहून घ्या आणि ग्रामसभेत, नगरपालिकेत, आमदारांच्या कार्यालयात लेखी द्या. आणि तुमच्यापैकी कुणाला वाटले की आपणच त्या सभागृहात जाऊन बसावे, तर जरूर उभे राहा. दोनदा हरलात तरी तिसऱ्यांदा उभे राहा.